अपत्याचा ताबा (भारतीय कायद्यातील)

आईवडील विभक्त झाल्यावर, त्यांचा घटस्फोट झाल्यावर किंवा दोघांपैकी एकाचा मृत्यू झाल्यावर अज्ञान (म्हणजे कायद्याने सज्ञान न झालेल्या) अपत्याने कोणाजवळ राहावे, दुसऱ्या पालकाने त्याला केव्हा व कोठे भेटावे आणि त्याच्या निर्वाहाचा भार कोणी किती उचलावा, हे ठरविणारी कुटुंबविषयक कायद्याची शाखा. ताबा आणि पालकत्व या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या मानल्या आहेत. मूल आजोळी आईजवळ वाढत असले, तरी त्याच्या मिळकतीचा कायदेशीर पालक पिता असू शकतो. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर अज्ञान खातेदाराच्या नावापुढे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद होते. ती मिळकतीपुरती असून तिच्यावरून ताब्याचा हक्क ठरत नाही.

अपत्याचे हित सर्वोपरी, या तत्त्वाचा उगम वादग्रस्त आहे. एका मतानुसार ते मूळचे भारतीय होय. अज्ञान वारसाचे धन तो गुरुगृहाहून परत येईपर्यंत किंवा त्याचे बालपण संपेपर्यंत राजाने सांभाळावे, असे मनुस्मृतीत (८.२७) सांगितले आहे, आणि राजा हाच अज्ञानांचा अंतिम पालक ही कल्पना त्यातून काढली जाते. तथापि या वचनाचा विषय वारशाने आलेले धन हा आहे. विभक्त आईबापांतील मुलाच्या ताब्याचा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. काडीमोड आणि पाट यांची चाल असलेल्या जातींत तो उद्भवत असे, पण त्याचा निवाडा जातपंचायतीकडे असे. दुसऱ्या मतानुसार हे तत्त्व इंग्लंडमधील चॅन्सरी न्यायालयाकडून, म्हणजे न्यायबुद्धीच्या तत्त्वांवर निवाडा करणाऱ्या जुन्या न्यायालयाकडून आले. तेथेही पित्याचा हक्क प्रारंभी जवळजवळ निरपवाद होता. आपल्या मुलांना मुकलेल्या लेखिका कॅरोलाइन नॉर्टन यांच्या खटपटीनंतर १८३९ च्या कायद्याने सात वर्षांखालील मुलांच्या ताब्यासाठी अर्ज करण्याची मुभा मातेला मिळाली, १८७३ मध्ये ही मर्यादा सोळा वर्षांपर्यंत वाढली आणि अपत्याचे हित हा ‘प्रथम व सर्वोच्च’ विचार असल्याचे तेथील संसदेने १९२५ मध्ये नमूद केले. भारतीय कायद्यांतील शब्दयोजना पाहता हे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

पालक व पाल्य अधिनियम, १८९० हा आजही या विषयातील मूळ कायदा आहे. पालक नेमताना अज्ञानाचे वय, लिंग व धर्म, इच्छुक पालकाचे चारित्र्य, कुवत व नाते, मृत आईबापांची इच्छा आणि मूल पुरेसे जाणते असल्यास त्याची स्वतःची पसंती यांचा विचार व्हावा, असे त्याचे १७ वे कलम सांगते. १९ व्या कलमानुसार मात्र हयात पिता अपात्र ठरल्याशिवाय अन्य पालक नेमता येत नसे. या तरतुदीत पित्याबरोबर मातेचा उल्लेख येण्यास २०१० सालची दुरुस्ती यावी लागली. अर्ज कोठे करावयाचा हेही यात महत्त्वाचे आहे, कारण अज्ञान व्यक्ती सामान्यतः जेथे राहते तेथील न्यायालयालाच अधिकारिता असते. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्ती आणि त्यांचे बंधू नित्यानंद यांच्या ताब्याचा दावा याच मुद्द्यावर फिरला. त्यांचे वडील नारायणय्या यांनी १९१० मध्ये मुलांचे पालकत्व थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा ॲनी बेझंट यांच्याकडे लेखी सोपविले आणि पुढे ते मागे घेऊन दावा लावला. मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. तथापि प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील लंडनमधील सर्वोच्च अपील न्यायमंडळाने) १९१४ मध्ये तो फिरविला, कारण मुले त्या वेळी इंग्लंडमध्ये होती आणि दावा जेथे मूळ दाखल झाला त्या चिंगलपेट जिल्ह्यात ती राहत होती असे म्हणता येत नव्हते. पित्याने दिलेली संमती त्याला मागे घेता येते, हे मात्र प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले. पालकत्व ही एक विश्वस्तता आहे, हा विचार पुढील निर्णयांत याच निकालाच्या आधारे पुनःपुन्हा आलेला दिसतो.

हिंदूंपुरता निर्णायक कायदा म्हणजे हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६. त्याच्या ६ व्या कलमानुसार औरस मुलगा व अविवाहित मुलगी यांचा नैसर्गिक पालक पिता, ‘आणि त्याच्यानंतर माता’. पाच वर्षे पूर्ण न झालेल्या अपत्याचा ताबा सामान्यतः मातेकडे असावा, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे. हिंदू न राहिलेला किंवा वानप्रस्थ, यती अथवा संन्यासी होऊन संसाराचा कायमचा त्याग केलेला पालक हा हक्क गमावतो, ही त्याच कलमातील तरतूद आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे पित्याच्या मृत्यूनंतर, असा अर्थ दीर्घकाळ केला जात होता. विदर्भातील कुळकायद्याच्या एका वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये त्याला पहिला तडा दिला. तेथे पिता हयात होता, पण अनेक वर्षे वेगळा राहत होता आणि मुलीची व तिच्या जमिनीची सर्व व्यवस्था आईच पाहत होती, म्हणून आईलाच नैसर्गिक पालक मानण्यात आले. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात हा प्रश्न घटनात्मक पातळीवर गेला. अज्ञान मुलाच्या नावे रोखे घेण्यासाठी त्यांनी पालक म्हणून केलेला अर्ज रिझर्व्ह बँकेने पित्याच्या सहीअभावी स्वीकारला नव्हता. वंदना शिवा यांच्या याचिकेसह त्याचा निर्णय १९९९ मध्ये झाला. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे ‘त्याच्या अनुपस्थितीत’, आणि अनुपस्थितीत पित्याची उदासीनता, आजारपण किंवा उभयतांमधील समजूत यांचाही समावेश होतो, असे न्यायालयाने ठरविले. यामुळे कलम घटनाबाह्य ठरण्यापासून वाचले. पण पिता लक्ष घालणारा असेल तर माता दुसऱ्या क्रमांकावरच राहते, हा टीकाकारांचा आक्षेप या अन्वयार्थाने दूर होत नाही. विधी आयोगाने १९८९ च्या १३३ व्या आणि २०१५ च्या २५७ व्या अहवालात दोन्ही पालकांना समान स्थान देण्याची शिफारस केली आहे.

ताब्याच्या प्रत्यक्ष दाव्यात ६ व्या कलमापेक्षा त्याच अधिनियमाचे १३ वे कलम अधिक उपयोगी पडते, कारण अपत्याचे हित हाच सर्वोच्च विचार असल्याचे ते सांगते. आईवडिलांचे वैवाहिक दोष ताब्याच्या निर्णयात आपोआप मोजले जात नाहीत आणि केवळ अधिक मिळकत हेही पुरेसे कारण होत नाही. मूल जाणते असल्यास न्यायाधीश त्याच्याशी आपल्या दालनात, आईवडिलांच्या गैरहजेरीत बोलतात. त्याने सांगितलेले कोणी पढविलेले आहे का, हे पाहणे त्यातील अवघड काम असते. ताब्याचा आदेश कधीच अंतिम नसतो आणि परिस्थिती बदलल्यास तो बदलून मागता येतो.

भेटीच्या हक्काला कायद्यात स्वतंत्र प्रकरण नाही. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाचे २६ वे कलम व त्यासारख्या तरतुदींखाली न्यायालये तो घडवीत आली आहेत. शनिवार-रविवारी काही तास, दिवाळीच्या व मे महिन्याच्या सुटीचा अर्धा वाटा, आणि लहान मुलांच्या बाबतीत प्रारंभी कुटुंब न्यायालयातील मुलांच्या खोलीत विवाह समुपदेशकांच्या नजरेखाली भेट, अशी आदेशांची सर्वसाधारण धाटणी असते. दूर राहणाऱ्या पालकाला व्हिडिओ कॉलवर मुलाशी बोलण्याची मुभा असावी, यावर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये भर दिला. संयुक्त ताब्याची शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये केली असली, तरी तिचा अधिनियमात समावेश झालेला नाही.

निर्वाहखर्च हा अपत्याचा स्वतःचा हक्क होय. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम औरस-अनौरस असा भेद न करता अज्ञान अपत्याला तो देत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम त्याच्या जागी आले. दरमहा ५०० रुपयांची जुनी कमाल मर्यादा २००१ मध्ये रद्द झाली. नागपूर कुटुंब न्यायालयात सुरू झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी मिळकत व देणी यांचे शपथपत्र द्यावे आणि रक्कम अर्जाच्या तारखेपासून मिळावी, असे दंडक घातले.

मुस्लिम विधीत ताब्याला हिजानत म्हणतात. हनफी पंथात मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत व मुलगी वयात येईपर्यंत, तर शिया पंथात अनुक्रमे दोन व सात वर्षांपर्यंत ती मातेकडे असते. पालकत्व मात्र पित्याकडेच राहते. गोव्यात कुटुंबविषयक बाबींत १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा चालू आहे.

परदेशी स्थायिक कुटुंबांमुळे अलीकडे वेगळाच प्रश्न पुढे आला आहे. अमेरिकेतील मिशिगन येथील न्यायालयाने मातेकडे ताबा दिलेला असताना पित्याने मुलाला पुण्यात आणले, त्या प्रकरणात (निर्णयसंग्रहांत १९८७) सर्वोच्च न्यायालयाने मूल मातेला परत केले. २०१७ च्या निर्णयानुसार परदेशी आदेश हा विचारात घ्यावयाच्या अनेक बाबींपैकी एक असून अपत्याचे हित त्याच्याही वर आहे. बालकांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. या विषयावर न्या. राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१८ मध्ये अहवाल सादर केला.