दारातले सेकंद आणि दोन बसमधले अंतर

बराच वेळ बस येत नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या दोन गाड्या पाठोपाठ येतात; पुढची खच्चून भरलेली असते, मागची जवळपास रिकामी. अशा वेळी प्रवासी वाहतूक कोंडीला दोष देतात, नाहीतर चालकाला. पहिला मिनिटभराचा उशीर बहुधा सिग्नलवर किंवा कोंडीत होतो हे खरे आहे, परंतु तो उशीर पुढे भरून न निघता वाढतच का जातो, याचे कारण रस्त्यावर नसून बसच्या दारात असते. थोड्या थोड्या वेळाने धावणाऱ्या बससेवेच्या या अस्थिरतेवर पी. आय. वेल्डिंग यांनी १९५७ मध्येच शोधनिबंध लिहिला होता, आणि १९६४ मध्ये गॉर्डन न्यूवेल व रेनफ्री पॉट्स यांनी तिचे नेटके गणित मांडले.

ते गणित कागदावर सहज करून पाहता येते. एका मार्गावर दर सहा मिनिटांनी बस आहे, प्रत्येक थांब्यावर मिनिटाला दोन प्रवासी येतात आणि प्रत्येकाला चढायला तीन सेकंद लागतात, असे समजू. वेळेवर आलेल्या बसला बारा प्रवासी मिळतात आणि ती ३६ सेकंद थांबते. एक मिनिट उशिरा आलेल्या बसला चौदा प्रवासी मिळतात, ती ४२ सेकंद थांबते, आणि तिचा उशीर साठ सेकंदांवरून सहासष्ट होतो. (चढणे चालू असताना धावत येणारे प्रवासी येथे सोडून दिले आहेत, ते धरले तर हिशेब आणखी बिघडतो.) म्हणजे उशीर दर थांब्याला सुमारे १.१ पट होतो, आणि पंधरा थांब्यांनंतर मूळचा एक मिनिट चार मिनिटांच्या वर गेलेला असतो. मागच्या बसचे नेमके उलटे होते: तिच्या वाट्याला कमी प्रवासी येतात, ती लवकर सुटते आणि पुढचीला गाठते. दोघींच्याही चालकांनी काहीही चूक केलेली नसते.

या गणितात निर्णायक ठरणारा आकडा म्हणजे प्रवासी येण्याचा दर गुणिले एका प्रवाशाचा चढण्याचा वेळ. हाच आकडा थांब्यागणिक चक्रवाढीने लागू होत असल्यामुळे दारात वाचवलेल्या सेकंदाचे मोल दिसते त्याहून फार मोठे आहे. वरच्या उदाहरणात तीन सेकंदांऐवजी दीड सेकंद धरला, तर पंधरा थांब्यांनंतरची वाढ चौपटीवरून जेमतेम दुपटीवर येते.

म्हणूनच चढण्याचा वेळ नीट मोजण्याला एवढे महत्त्व आहे. अमेरिकेत नियोजनासाठी वापरले जाणारे आकडे साधारण असे आहेत: भाडे आधीच भरलेले असल्यास प्रवाशामागे अडीच सेकंद, दारात मोजून रोख पैसे द्यायचे असल्यास चार, आणि बसमध्ये उभे प्रवासी असल्यास आणखी अर्धा. ब्राझीलमधील कुरितिबा शहराने १९९१ मध्ये नळीच्या आकाराचे थांबे उभारले. तेथे भाडे आत शिरतानाच घेतले जाते आणि फलाट बसच्या तळाच्या पातळीवर असतो. लंडनने जुलै २०१४ मध्ये बसमधले रोख भाडे बंद केले. आपल्याकडे तिकीट कंडक्टर आत फिरून देतो, त्यामुळे पैशांचा व्यवहार दारात अडत नाही. आपल्याकडे वेळ जातो तो मुख्यतः पायरीवरच्या दाटीत. कंडक्टर काढून केलेल्या बचतीचा हिशेब मांडताना ही बाजू विसरली जाते, असे मला वाटते.

प्रत्यक्षात हे गणित इतके सरळही नाही. चढण्याची आणि उतरण्याची दारे वेगळी असतील तर दोन्ही वेळांची बेरीज न धरता त्यांतला मोठा वेळ धरावा लागतो. शिवाय उशिरा आलेली बस भरलेली असल्यामुळे तिच्यात चढणाऱ्या प्रत्येकालाच जास्त वेळ लागतो. बस पूर्ण भरली, की मात्र ती प्रवासी खाली सोडून पुढे जाते आणि उशिराची वाढ काहीशी रोखली जाते. हा उपाय निर्दयी आहे, पण तो मोजावाच लागतो.

प्रवाशाला याची किंमत किती पडते? दर दहा मिनिटांनी नेमाने बस असेल तर प्रतीक्षा सरासरी पाच मिनिटांची. अंतरे आलटूनपालटून अठरा आणि दोन मिनिटांची झाली तर तासाच्या बस सहाच राहतात, पण दहातले नऊ प्रवासी मोठ्या अंतरात सापडतात आणि सरासरी प्रतीक्षा ८.२ मिनिटांवर जाते.

यावरचा जुना उपाय म्हणजे वेळापत्रकात थोडा जादा वेळ राखून ठरावीक थांब्यांवर बस रोखणे. तो सगळ्यांचाच प्रवास लांबवतो आणि उशीर त्या राखीव वेळेपेक्षा मोठा झाला की निरुपयोगी ठरतो. कार्लोस डगांझो यांनी २००९ मध्ये वेळापत्रकाऐवजी दोन बसमधले अंतर पाहून रोखण्याची पद्धत मांडली. जॉन बार्थोल्डी आणि डोनाल्ड आयझेनस्टाइन यांची २०१२ मधली सूचना तर आणखी साधी होती: नियंत्रण थांब्यावर, म्हणजे बस रोखण्यासाठी ठरवलेल्या थांब्यावर, प्रत्येक बसने मागच्या बसपर्यंतच्या अंतराचा ठरावीक हिस्सा, समजा पाव भाग, थांबायचे. आपल्या पुढची बस चार मिनिटे आधी आली आणि मागची बारा मिनिटे दूर आहे, असे समजू. पुढची बस चाराचा पाव, म्हणजे एक मिनिट थांबली; आपण बाराचा पाव, म्हणजे तीन मिनिटे थांबलो; चारचे अंतर सहा झाले. प्रत्येक फेरीत असे होत अंतरे आपोआप सारखी होत जातात, आणि एखादी बस बंद पडली तरी नवे वेळापत्रक करावे लागत नाही. अटलांटातील जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या आवारातील बसमार्गावर ही पद्धत चालवून पाहिली गेली.

अडचण उरते ती आत बसलेल्यांची. खाली उभ्या असलेल्या अनोळखी लोकांसाठी आपली बस तीन मिनिटे का उभी आहे, हे त्यांना कळत नाही आणि कळले तरी पटत नाही. त्यामुळे नियंत्रण थांबा निवडताना पुढे वाट पाहणारे किती आणि त्या थांब्यावर बसमध्ये उरणारे किती, हे गुणोत्तर पाहतात. जेथे बस जवळजवळ रिकामी होते, ती जागा, म्हणजे बहुधा मार्गाचे टोक, सर्वांत सोयीची ठरते.