‘बोर्ड’ शब्दाची दोन कुळे

बोर्डाची परीक्षा, दुकानावरचा बोर्ड, मुलांचे बोर्डिंग आणि विमानतळावरचा बोर्डिंग पास हे प्रयोग मराठीत इतके रुळले आहेत, की त्यांच्या नात्याचा विचार सहसा कोणी करत नाही. त्यांतील पहिले तीन एका कुळातले आहेत, चौथ्याचे कूळ मात्र वेगळे मानले जाते.

जुन्या इंग्रजीत हा शब्द लाकडाच्या फळीसाठी वापरला जाई. मध्ययुगीन इंग्लंडमधील मोठ्या वाड्यांच्या दालनात बहुतेकांसाठी जेवणाचे कायमचे टेबल नसे. लाकडी घोड्यांवर, म्हणजे सुट्या पायांच्या आधारांवर, लांब फळ्या टाकून पंगत बसे आणि जेवणे उरकली की त्या फळ्या उचलून बाजूला ठेवल्या जात. त्यामुळे फळी म्हणता म्हणता टेबल आणि टेबल म्हणता म्हणता त्यावरचे जेवण, असा अर्थ सरकत गेला, आणि पैसे भरून दुसऱ्याच्या घरी जेवणारा-राहणारा तो ‘बोर्डर’ ठरला. राजर्षी शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले, तेव्हा खेड्यापाड्यांतून शिकायला आलेल्या मुलांची राहण्याजेवणाची सोय या अर्थाने हा शब्द इकडे चांगलाच रुजला.

कामकाजासाठी माणसे ज्या टेबलाभोवती बसत, त्या टेबलाचे नाव पुढे त्या माणसांनाच मिळाले. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवण्यासाठी ब्रिटिश संसदेने 1784 च्या कायद्याने नेमलेले मंडळ ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ म्हणून ओळखले जाई. मुंबई इलाख्यात 1884 च्या कायद्याने लोकल बोर्डे आली आणि हा अर्थ तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. परीक्षेचे ‘बोर्ड’ही याच अर्थाचे. चोख व्यवहाराला इंग्रजीत ‘अबव्ह बोर्ड’ म्हणतात, त्यातही टेबलच आहे: पत्ते खेळताना हात टेबलाच्या वर, सर्वांच्या नजरेसमोर असले, की लबाडीला वाव उरत नाही.

दुसऱ्या कुळातील ‘बोर्ड’ म्हणजे कड, विशेषतः जहाजाची बाजू. जर्मानिक भाषांतील हा शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि ‘बॉर्डर’ हे रूप घेऊन इंग्रजीत परतला. सुकाणूचे वल्हे जहाजाच्या उजव्या अंगाला असे, म्हणून ती बाजू ‘स्टारबोर्ड’, म्हणजे सुकाणूची बाजू, डावी ‘लार्बोर्ड’. वाऱ्यावादळात ओरडून दिलेल्या हुकमात या दोन शब्दांची गल्लत होई, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञाची गरज नव्हती, तरी ब्रिटिश आरमाराने ‘लार्बोर्ड’ऐवजी ‘पोर्ट’ म्हणण्याचा आदेश काढला तो 1844 मध्ये. शत्रूच्या जहाजाच्या बाजूला भिडून त्यावर चढाई करणे, हा ‘बोर्ड’ या क्रियापदाचा एक जुना अर्थ. पुढे नुसते जहाजात, मग आगगाडीत आणि विमानात चढण्यालाही तेच क्रियापद लागू झाले.