विश्रामबागवाडा : राहता वाडा कमी, शाळा-कचेरी जास्त

विश्रामबागवाडा म्हटलं की शेवटच्या पेशव्याचं विलासी घर, एवढंच सांगितलं जातं. पण हा वाडा 1807 च्या सुमारास उभा राहिला आणि 1817 च्या नोव्हेंबरात धन्याने पुणं सोडलं. म्हणजे पेशव्यांचा मुक्काम जेमतेम दहा वर्षांचा. त्यानंतर तिथे जे घडलं ते कितीतरी जास्त काळ चाललं आणि शहरावर त्याचा ठसाही जास्त उमटला.

राज्य घेतल्यावर इंग्रजांपुढे एक नाजूक प्रश्न होता: पेशवाईत श्रावणात पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात, म्हणजे दक्षिणेसाठीच्या आवारात, ब्राह्मणांना वाटली जाणारी दक्षिणा. एकदम बंद करावी तर शास्त्री-भिक्षुकांचा असंतोष, चालू ठेवावी तर तिजोरीला भार. तोडगा निघाला तो असा की रकमेला पन्नास हजारांची मर्यादा घालायची आणि त्यातला काही भाग संस्कृत पाठशाळेकडे वळवायचा. 1821 साली ही पाठशाळा याच वाड्यात भरू लागली. विद्येची कदर म्हणून या निर्णयाचं कौतुक होतं, ते अर्धंच खरं. जित शहरातला वजनदार वर्ग सांभाळणं हा त्यातला उघड हेतू होता, आणि सुरुवातीला प्रवेश ब्राह्मणांपुरताच होता.

पुढे नव्याने कुणाला दक्षिणा लावायची नाही असं ठरलं, तेव्हा शिल्लक साचू लागली. ती कुणाची? 1849 मध्ये सुधारक मंडळींनी अर्ज केला की हा पैसा मराठी ग्रंथांच्या उत्तेजनाला लावा. जुन्या मंडळींना हा सरळ धर्मादायावर घाला वाटला आणि पुण्यात चांगलंच रण माजलं. शेवटी मराठी ग्रंथांना बक्षिसं सुरू झाली. माझ्या मते वाड्याच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाद हाच, पण वाडा दाखवताना त्याचा उल्लेखही होत नाही. 1851 मध्ये पाठशाळा आणि इंग्रजी शाळा एक होऊन पूना कॉलेज झालं आणि जातीची अट गेली. त्याचंच पुढे डेक्कन कॉलेज झालं आणि 1868 मध्ये ते येरवड्याच्या बाजूला नव्या इमारतीत गेलं. वाड्यात हायस्कूल राहिलं.

13 मे 1879 च्या रात्री पेशव्यांचा दुसरा वाडा, बुधवारवाडा, जळाला आणि त्याच रात्री विश्रामबागेचा पूर्वेकडचा भागही. वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाचे दिवस असल्याने पहिला संशय बंडवाल्यांवर गेला. बुधवारवाडा पुन्हा उभा राहिला नाही. विश्रामबागवाडा मात्र लोकवर्गणी आणि नगरपालिकेचा पैसा घालून सावरला. रस्त्यावरून आपण ज्या दर्शनी भागाचे फोटो काढतो, तो पेशवाईतला जसाच्या तसा आहे असं समजू नये. जुनं काम बघायचं तर आत, दिवाणखान्यातले सुरुदार, म्हणजे सुरूच्या झाडाच्या आकाराचे कोरीव लाकडी खांब बघावेत.

विसाव्या शतकात नगरपालिकेच्या कचेऱ्या इथे आल्या. 1950 साली महापालिका झाली तेव्हाही कारभार इथूनच चाले. शिवाजीनगरला नवी इमारत झाल्यावर तो हलला. नंतर टपाल कचेरी, शहराच्या इतिहासाचं प्रदर्शन आणि मधून मधून निघणारी दुरुस्तीची कामं. दुरुस्ती निघाली की वाडा पेशवाईतला दिसावा अशी मागणी हटकून होते. पाठशाळेच्या आणि कॉलेजच्या वर्षांची आठवण राहावी म्हणून मात्र कुणी आग्रह धरत नाही.