मारुती बुडाला म्हणजे नेमकं काय झालं?

गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नाशिककरांची नजर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवर जाते. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागलं. पूर मोजायची गावाची पट्टी हीच. 1969, 2008, 2016, 2019 ही सालं जुन्या माणसांना पाठ आहेत. पाणी डोक्यावरून गेलं की आपण म्हणतो, 'मारुती बुडाला'. इंग्रजी बातमीत तोच मारुती 'सबमर्ज्ड' असतो.

हा शब्द इंग्रजीत 1600 च्या सुमारास आला, लॅटिनमधून. 'सुब' म्हणजे खाली, 'मेर्गेरे' म्हणजे बुडी मारणं, बुचकळणं. गंमत अशी की मेर्गेरे आणि संस्कृतातला 'मस्ज्' धातू सख्खे भाऊ. त्याच मस्ज् पासून आपला 'मग्न' आला आणि 'जलमग्न'ही. बुडी मारणाऱ्या पक्ष्याला लॅटिनमध्ये 'मेर्गुस' म्हणत, संस्कृतात 'मद्गु'. म्हणजे अभ्यासात मग्न झालेलं पोरही मुळात पाण्याखालीच.

'सबमर्ज' होण्यात नुकसान असेलच असं नाही. वस्तू पाण्याखाली गेली, एवढंच तो शब्द सांगतो. बोअरमध्ये सोडलेली सबमर्सिबल वर्षानुवर्षं बुडालेलीच असते आणि तिथेच नीट चालते. आपलं 'बुडणं' मात्र अशुभाची सावली घेऊन येतं: पैसे बुडाले, शाळा बुडाली, कर बुडवला. ज्या शब्दाने बँक कर्ज बुडीत खात्यात टाकते, तोच धरणाच्या कागदांत 'बुडीत क्षेत्र' होऊन बसतो. जमीन गेलेल्या माणसाला तो तिथेही फार वेगळा वाटत नसणार. इंग्रजीला ही सावली हवी असली की 'अंडरवॉटर' कामाला येतो: घराच्या किमतीपेक्षा त्यावरचं कर्ज जास्त झालं की घर 'अंडरवॉटर'. अमेरिकेत 2008 च्या मंदीत हा शब्द घरोघरी पोचला.

आपल्याकडे 'पाण्याखाली'चा एक अर्थ तर थेट उलटा. 'पाच एकर पाण्याखाली आणली' असं निफाडचा बागायतदार सांगतो तेव्हा तो कालव्याच्या किंवा विहिरीच्या पाण्याबद्दल, आनंदाने बोलत असतो.

मेर्गेरेची बाकीची पिलावळही आपल्या तोंडी आहे. एक बँक दुसरीत 'मर्ज' झाली, म्हणजे तिच्यात बुडाली. पण मर्ज झाली आणि बुडाली यातला फरक ठेवीदाराला विचारा. 'इमर्ज' म्हणजे पाण्यातून वर येणं. अचानक वर आलेलं संकट ती 'इमर्जन्सी'.

नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याचं पाणी उतरलं की चांदोरीला गोदावरीच्या पात्रातली जुनी दगडी मंदिरं उघडी पडतात. लोक ती बघायला पात्रात उतरतात. पुढच्या पाण्याला मंदिरं पुन्हा आत जातात, आणि ती 'बुडाली' म्हणून तिथे कोणी हळहळत नाही.