पौष्टिक मक्याची पैदास आणि जनुकीय विविधता

मक्याच्या दाण्यातील प्रथिने, जीवनसत्त्वे आणि खनिजे वाढावीत म्हणून त्या पिकाच्या जुन्या, रानटी किंवा मागे पडलेल्या वाणांतील जनुके शोधून ती नव्या वाणांत आणण्याची पद्धत. अशा वाणांना जैवसंपृक्त वाण म्हणतात. यात पोषण पिठात मागाहून मिसळले जात नाही, ते दाण्यातच तयार होते. पण जे जनुक जगातल्या कुठल्याच मक्यात शिल्लक नाही, ते पारंपरिक पैदाशीने आणता येत नाही. म्हणून या कामाची सुरुवात शेतापेक्षा बियाण्याच्या साठ्यापासून होते.

मका मूळचा मेक्सिकोचा. तेथील बाल्सास नदीच्या खोऱ्यात सुमारे ९,००० वर्षांपूर्वी टिओसिंटे या रानगवतापासून तो घडला. डोंगरउतारांपासून समुद्रकाठापर्यंत शेतकऱ्यांनी त्याची निवड करत नेली आणि पांढरे, पिवळे, नारिंगी, निळे असे असंख्य वाण झाले. मका परपरागित आहे. तुरा शेंड्याला आणि कणीस खोडाच्या मध्यावर असल्याने वाऱ्याबरोबर पराग एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. एकाच शेतातली दोन झाडेही सहसा सारखी नसतात. भारतात हे पीक सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या सागरी व्यापारातून आले, असे सामान्यतः मानले जाते. ईशान्य भारतातील काही वाण मात्र फार वेगळे आहेत. ‘सिक्कीम प्रिमिटिव्ह’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मक्याच्या एकाच झाडाला अनेक लहान कणसे लागतात.

साध्या मक्याच्या प्रथिनांत झीन या गटाचा वाटा मोठा असतो आणि झीनमध्ये लायसिन व ट्रिप्टोफॅन ही आवश्यक ॲमिनो आम्ले अगदी कमी असतात. मका हेच मुख्य अन्न असलेल्या मुलांची वाढ त्यामुळे खुंटते. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, लिन बेट्स आणि ऑलिव्हर नेल्सन यांनी १९६४ साली दाखवून दिले की ‘ओपेक-२’ या उत्परिवर्तनामुळे (जनुकातील बदलामुळे) झीन घटते आणि ही दोन्ही आम्ले जवळजवळ दुप्पट होतात. ही जात आधीपासून संग्रहात होती. तिचा दाणा पिठूळ आणि निस्तेज दिसे, एवढीच तिची ओळख होती.

पुढचे काम जास्त चिकाटीचे ठरले. ओपेक-२ चा दाणा मऊ, वजनाला हलका, किडीला लवकर बळी पडणारा. भारतात १९७० च्या सुमारास आलेले ‘शक्ती’, ‘रतन’ आणि ‘प्रोटिना’ हे वाण याच कारणाने शेतकऱ्यांत रुजले नाहीत. मेक्सिकोतील सिमिट या आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रात सुरिंदर वसाल आणि एव्हान्जेलिना व्हिलेगास यांनी दाणा कठीण करणारी पूरक जनुके हुडकली. दाणे खालून उजेड असलेल्या काचेवर पसरायचे. पूर्ण मऊ दाण्यातून उजेड येत नाही, कठीण दाणा पारदर्शक दिसतो. ज्यांचा काही भाग अंधारा आणि काही उजळ, ते वेचून घ्यायचे, प्रयोगशाळेत त्यांचे ट्रिप्टोफॅन तपासायचे आणि पुढच्या पिढीसाठी पेरायचे. वर्षानुवर्षांच्या या निवडीतून दर्जेदार प्रथिनांचा मका तयार झाला. दोघांना २००० साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. भारतात ‘शक्तिमान-१’, ‘एचक्यूपीएम-१’ आणि ‘विवेक क्यूपीएम-९’ हे संकरित वाण त्याच वाटेने आले.

अ जीवनसत्त्वाची गोष्ट निराळी. पिवळा दाणा पाहून तो या जीवनसत्त्वाने समृद्ध असेल असे वाटते, पण त्या पिवळेपणात ल्युटीन आणि झियाझँथिन या रंगद्रव्यांचा वाटा मोठा असतो. अंड्याचा बलक त्यांनी रंगतो, अ जीवनसत्त्व मात्र त्यांपासून बनत नाही. ते बीटा-कॅरोटीनपासून बनते. ‘सीआरटीआरबी-१’ हे जनुक बीटा-कॅरोटीनचे रूपांतर पुढच्या रंगद्रव्यांत करते. त्याचे मंद काम करणारे रूप असेल तर बीटा-कॅरोटीन दाण्यात साठून राहते. हे रूप २०१० मध्ये ओळखले गेले तेव्हा ते समशीतोष्ण प्रदेशातल्या मोजक्या वाणांतच सापडले. ज्या उष्ण प्रदेशांत त्याची गरज सर्वाधिक, तेथील मक्यात ते जवळपास नव्हतेच. डीएनए चिन्हकांच्या, म्हणजे हवे ते जनुक रोपात आहे का हे दाखवणाऱ्या खुणांच्या, साहाय्याने ते तेथे नेण्यात आले. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा विवेक क्यूपीएम-९ सुधारित’ हा वाण २०१७ मध्ये आला. त्यात प्रति ग्रॅम ८.१५ मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्वपूर्व (ज्यापासून शरीरात अ जीवनसत्त्व बनते असे) कॅरोटीन असून प्रथिनांतील लायसिन २.६७ टक्के आहे. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही गोव्याची दोन्ही शेजारी राज्ये त्याच्या शिफारस क्षेत्रात येतात. जस्त व लोहाच्या बाबतीत प्रगती मंद आहे. दाण्यातील फायटेट हे संयुग शरीरात त्यांचे शोषण रोखून धरते.

एकसारखेपणाचा धोका अमेरिकेने १९७० मध्ये पाहिला. बहुतेक संकरित बियाणे ‘टेक्सास’ या एकाच नर-वंध्य (कामाचा पराग न बनू देणाऱ्या) पेशीद्रव्यावर, म्हणजे पेशीतील केंद्रकाबाहेरच्या भागावर, उभे होते. त्याला लागणाऱ्या करपा रोगाने त्या वर्षीचे सुमारे १५ टक्के पीक गेले.

गोव्यात मका दुय्यम पीक आहे. भाजीपाल्याबरोबर बेळगावकडून येणारी कणसे पावसात भाजून खाल्ली जातात आणि दुभत्या जनावरांसाठी हिरवा चारा म्हणून त्याची पेरणी होते. येथे पौष्टिक वाण लावताना एक अडचण आधीच लक्षात घ्यावी लागते. ओपेक-२ अप्रभावी (साधे जनुक सोबत आले की झाकले जाणारे) असल्याने शेजारच्या साध्या मक्याचा पराग पडला की त्या दाण्याचा दर्जा त्याच हंगामात उतरतो. प्रमाणित बीजोत्पादनात साधारण २०० मीटर अंतर राखतात. गोव्यातील तुकड्या-तुकड्यांच्या शेतीत ते साधणे कठीण, म्हणून आपल्या आणि शेजारच्या मक्याच्या पेरण्यांत तीनेक आठवड्यांचे अंतर ठेवणे हाच सोपा उपाय. दमट हवेत बुरशी लवकर धरते आणि साठवणीत कॅरोटीन घटते, तेव्हा दाणा नीट वाळवून लवकर वापरलेला बरा. मक्याने नाचणीची जागा मात्र घेऊ नये. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. मक्यात ते नगण्य.

पैदाशीसाठी गोव्याचे स्वतःचे मोठे भांडवल भातात आहे. खाजन शेतीतला, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या शेतांतला, कोरगूट हा पारंपरिक भात खारे पाणी सोसतो. जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेने त्यातून निवड करून ‘गोवा धान’ मालिकेतील काही क्षारसहिष्णू वाण काढले. बांध फुटून खाजन पडीक पडले की कोरगुटाचे बियाणे शेतकऱ्याच्या घरातून नाहीसे होते. जनुकपेढीतला नमुना टिकतो, पण दरवर्षी खाऱ्या चिखलात पेरताना आपोआप होणारी निवड तेथे होत नाही.