गोळीतील सुधारित सहायक द्रव्ये

औषधी गोळीत प्रत्यक्ष औषध पुष्कळदा चिमूटभरही नसते. थायरॉईडच्या गोळीत ते मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागते. उरलेले वजन सहायक द्रव्यांचे. कारखान्यात त्यांना ‘एक्सिपियंट’ म्हणतात. लॅक्टोज गोळीला आकारमान देते, स्टार्चची खळ कण बांधते, मॅग्नेशियम स्टिअरेट भुकटीला पंच-डायला, म्हणजे गोळी दाबणाऱ्या साच्याला, चिकटू देत नाही. ‘निष्क्रिय घटक’ हे त्यांचे रूढ नाव मात्र फसवे आहे. हेच स्टिअरेट गरजेपेक्षा जास्त वेळ घोळले, तर त्याचा पाणी न धरणारा थर प्रत्येक कणावर बसतो. गोळी ठिसूळ होते आणि पोटात उशिरा विरघळते.

सुधारणा म्हणजे नवा रेणू शोधणे, असे क्वचितच घडते, कारण नव्या पदार्थाची सुरक्षितता सिद्ध करण्यात वर्षे आणि पैसा जातो. म्हणून ओळखीच्याच पदार्थाच्या कणाची घडण बदलतात. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज हे त्याचे ठळक उदाहरण. 1955 साली अमेरिकेत बॅटिस्टा आणि स्मिथ यांनी ते तयार केले. सेल्युलोजमधला विस्कळीत भाग आम्लाने तोडून स्फटिकी भाग ठेवायचा, मग धुऊन वाळवायचा. ही भुकटी दाबाखाली इतकी घट्ट बसते की ओले ग्रॅन्युलेशन, म्हणजे भुकटी भिजवून तिचे दाणे करणे, आणि नंतरची वाळवणी टाळून थेट गोळी दाबता येते. तिच्यावर सूक्ष्म सिलिकाचे कण बसवले की ती अधिक सहज वाहते. अशा जोडद्रव्यांत घटक जुनेच असतात, गुण मात्र नुसत्या मिश्रणाहून सरस मिळतात. स्टार्चपासून केलेले सोडियम स्टार्च ग्लायकोलेट गोळीच्या वजनाच्या साधारण 2 ते 8 टक्क्यांतच, पाण्याने फुगून गोळी फोडते.

मराठवाड्यात या साखळीची दोन्ही टोके सापडतात. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत औषधनिर्मिती होते; भोवतालच्या रानांत कापूस आणि ज्वारी पिकते. जिनिंगनंतर सरकीवर जी आखूड लव राहते, ती लिंटर. ती जवळपास शुद्ध सेल्युलोज असल्याने लाकडाच्या लगद्याइतकीच या कामी चालते. इथल्या कच्च्या मालात सर्वांत आश्वासक लिंटरच म्हणावी लागेल.

ज्वारीपासून स्टार्च काढण्याची वाट अवघड आहे. रब्बीची शाळू भाकरीची. तिला हात लावू नये. खरिपाची, कणसात पाऊस शिरून काळी पडलेली ज्वारी स्वस्त मिळते, पण बुरशीची विषे आणि स्टार्चला चढणारा रंग या दोन अडचणी आहेत. औषधाच्या प्रतीला ती उतरवायची, तर प्रत्येक खेप तपासावी लागेल.

परीक्षा शेवटी गोळीचीच होते. फिरत्या ड्रममध्ये 100 फेऱ्यांनंतर वजनातली घट सर्वसाधारणपणे 1 टक्क्याच्या आत हवी, आणि बिनलेपाची साधी गोळी 37 अंश सेल्सिअसच्या पाण्यात 15 मिनिटांत फुटायला हवी. दाब वाढवला की पहिली अट सोपी होते आणि दुसरी अवघड.