काटे आणि आकडे एकत्र : जुन्या जपानी स्पोर्ट्स घड्याळांच्या संग्रहाची पार्श्वभूमी

डिसेंबर 1969 मध्ये जपानमध्ये पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आले, 1973 मध्ये सहा आकडी एलसीडी आली. दशक सरता सरता काटे आणि आकडे एकाच डायलवर दिसू लागले. संग्राहकांचा जीव मात्र त्यानंतरच्या घड्याळांत अडकलेला असतो.

1982 मध्ये सेइकोचे एच558 आले. काटे, आकडे, गजर, स्टॉपवॉच आणि 150 मीटरपर्यंत पाण्यात टिकण्याची क्षमता असे सगळे एकत्र असलेले हे पहिलेच डायव्हर घड्याळ. बाहेरचे कवच ही सेइकोच्याच 1975 च्या 600 मीटरवाल्या घड्याळाची देणगी. हॉलिवूडच्या आर्नोल्ड श्वार्झनेगर या धिप्पाड नटाने ऐंशीच्या दशकातल्या ॲक्शनपटांत ते बांधले आणि ‘आर्नी’ हे टोपणनाव कायमचे चिकटले. 1985 मध्ये सिटिझनचे ॲक्वालँड आले : डाव्या अंगाला फुगीर सेन्सर, पाण्याची खोली थेट आकड्यांत आणि रबरी पट्ट्यावर छापलेला डायव्हिंगचा तक्ता. या पिढीतले सर्वांत धाडसी घड्याळ हेच. कॅसिओच्या दणकट जी-शॉक मालिकेतला काट्यांचा पहिला जी-शॉक, एडब्ल्यू-500, 1989 चा.

संग्राहकांत आजही मिटलेला नाही तो सुटे भाग बदलण्याचा वाद. आर्नीचे प्लॅस्टिकचे कवच तडकते, एलसीडीवरची पोलरायझर फिल्म (जिच्यामुळे आकडे दिसतात तो पातळ पापुद्रा) काळवंडते. एक गट म्हणतो, तडा गेला तरी मूळ कवचच ठेवा. दुसरा बाजारात मिळणारे नवे कवच चढवून मोकळा होतो. सेइको 5 या मालिकेतल्या जुन्या घड्याळांच्या डायली रंगवून विकल्या जातात, त्यांना जगभरचे संग्राहक ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. त्या अनुभवाने पहिला गट जास्तच सावध झाला. पण रंगवलेली डायल वय लपवते, नवी फिल्म आकडे पुन्हा वाचता येण्याजोगे करते. हा फरक मोठा आहे. आकडे न दिसणारे घड्याळ ‘अस्सल’ म्हणून कपाटात ठेवण्यात त्याचा सन्मान होत नाही. काय बदलले ते विकणाऱ्याने सांगितलेच पाहिजे, विशेषतः मागचे झाकण. सेइकोच्या त्या काळातल्या, झाकणावर कोरलेल्या अनुक्रमांकाचा पहिला अंक वर्षाचा शेवटचा अंक असतो, दुसरा महिन्याचा. झाकण दुसऱ्याचे असेल तर जन्मसालच खोटे ठरते.

चांगली घड्याळे वाया जातात ती बहुधा दुरुस्तीत. आर्नीचा सेल बदलल्यावर ‘एसी’ (ऑल क्लिअर) लिहिलेले टोक आणि सेलची धन बाजू चिमट्याने क्षणभर जोडावी लागते. ते राहून गेले की आकडे भलतेच दिसतात किंवा दिसतच नाहीत, आणि धडधाकट घड्याळ ‘बंद’ म्हणून पडेल भावात जाते. अशा बऱ्याच घड्याळांत गजराचा विद्युत संकेत झाकणापर्यंत पोचवणारी केसासारखी बारीक स्प्रिंग असते. झाकण उघडताना ती उडाली की गजर मुका.

2019 मध्ये आर्नी नव्या रूपात परतले, सौरऊर्जेवर चालणारे आणि 200 मीटरचे. पुढच्या वर्षी एडब्ल्यू-500 ही आले. नव्या आर्नीचे मॉड्यूल, म्हणजे आतली यंत्रणा, मुळातच वेगळे असल्याने जुन्याच्या मॉड्यूलला त्यातून काही मिळत नाही. एक जुने चालू ठेवायला दुसरे जुनेच मोडावे लागते, आणि त्यामुळे बंद पडलेल्या घड्याळांनाही गिऱ्हाईक मिळते.